बावीस वर्षांचा टेप

१२ जानेवारी

ओटा फुटला! इतकी वर्षं ज्यावर स्वयंपाक केला, तो प्रेमदास मिस्त्रीनं तासाभरात फोडून ठेवला. घरभर धूळ. शिलाई मशीन बैठकीत आणून दोन चादरींखाली झाकलं, तरी पायडलवर थर आहेच.

ग्रॅनाइटचं माप मी स्वतः घेतलं. प्रेमदास म्हणत होता, "ताई, मी घेतो ना!" अजिबात नको म्हटलं. शेजारच्या तानाबाईच्या न्हाणीचं दार त्यानंच मापलं होतं – ते अजून लागत नाही. मशीनच्या खणातला माझा टेप काढला. ब्लाउज शिवायला लागले तेव्हा घेतलेला, बावीस वर्षं झाली. मेघाचे बाबा हसले. "ओटा म्हन्जे का ब्लाउज हाय का वं?" हसू द्या. माप ते माप.

१४ जानेवारी

मेघाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. तिच्या नणंदेच्या साखरपुड्यात घालायला मी तिला ब्लाउज शिवून कुरियरनं पाठवला होता. तो घालून दाखवला – खांद्यावरून घसरतोय! काखेत चांगलं मूठभर कापड.

"आई, ढिला होऊन राह्यला वं. तुह्यं माप चुकलं."

माझं माप? तिच्या लग्नाआधी मीच घेतलेलं, वहीत लिहिलेलं. चौदा महिने झाले फक्त. "जेवतं ना बराबर?" विचारलं. "जेवतो ना! मले का झालं?" आणि पटकन पदर ओढून घेतला. चेहरा नीट दिसलाच नाही. मोबाईल इतका खाली धरला होता की अर्धा वेळ नुसती हनुवटी.

१५ जानेवारी

दोनदा फोन केला. उचलला नाही.

१७ जानेवारी

आज उचलला – जावयांनी. "जयभीम, आई. ती आंघोळीले गेली." दुपारी तीन वाजता आंघोळ! मी विचारलं, मेघा बारीक झाली का हो? "नाई हो, कापडच तसं असन." गोड बोलतो वैभव, नेहमीच. कधी आवाज चढवत नाही. पण मेघा तिथे आहे की नाही, हेच मला कळेना.

यांना म्हटलं, मी पुण्याला जाऊन येते. तर भडकले. "ओटा उघडा टाकून? मिस्त्री दुसऱ्या कामावर गेला त महिनाभर याचा नाई! अन् एका ब्लाउजपायी पोरीच्या घरी धावत जातं का कोनी?" मीही सोडलं नाही. ताट सरकवून उठले. संध्याकाळी मेघाचा मेसेज (यांनीच कळवलं असणार) : आई, येऊ नको. मी मजेत आहे. पुढे तीन हसरे चेहरे. बोटानं दाबायला काय लागतं!

२० जानेवारी

ग्रॅनाइट आला. ठेवला – आखूड! भिंतीपासून सव्वादोन इंच फट. हे माझ्याकडे बघतायत, मी दगडाकडे. प्रेमदासनं शांतपणे आपला लोखंडी टेप काढून माझ्या टेपला लावला. माझे साठ इंच म्हणजे त्याचे साडेएकसष्ट!

"ताई, कापडाचा टेप हाय. इतले वर्सं वढला त ताननच ना!"

आणि मी हसायलाच लागले. दगड आखूड, मिस्त्रीसमोर नाक कापलं गेलं, आणि मी हसतेय! अगं, ब्लाउज! टेपच खोटा! मेघा बारीक झालीच नाही. सहा दिवस जीव टांगणीला लावला होता या चिंधीनं. लगेच मेघाला फोन लावला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हो आई. तेच असन. टेपच." आवाज बसलेला वाटला. सर्दी असेल.

प्रेमदास कडेला पट्टी जोडून देणार आहे. त्याला दोनदा चहा दिला. इतक्या दिवसांनी आज पोटभर जेवले.

२१ जानेवारी

वर्ध्याला जाऊन नवा टेप आणला. परत येते तर तानाबाई दारात, ब्लाउज न्यायला. पंधरा दिवसांपूर्वी शिवून ठेवलेला, म्हणजे जुन्याच टेपचा. धास्तावूनच घालायला दिला. चपखल! ना ढिला, ना घट्ट. "दीपमाला, तुह्या हाताले तोड नाई," म्हणाली.

ती गेल्यावर बराच वेळ मशीनपाशी बसून राहिले. काहीतरी जुळत नव्हतं.

२२ जानेवारी

पोळी लाटता लाटता कळलं.

टेप ताणलेला असला तरी काय बिघडतं? तानाबाईचं माप त्याच टेपनं घेतलं, कापडही त्याच टेपनं कापलं. बसणारच. मेघाचंही माप त्याच टेपनं घेतलं होतं. कापडही त्याच टेपनं कापलं.

टेप नाही, मेघाच बारीक झालीय. दहावीपासून माझ्याच मशीनवर शिकली ती. शेजारणींचे ब्लाउज कापायची. हे तिला माझ्याआधी कळलं असणार. तरी म्हणाली, तेच असन.

यांना सांगितलं. यांनी माळ्यावरून बॅग काढली. दुपारची गाडी आहे. मेघाला कळवलेलं नाही.