टेपमधली हाक

जरीपटका, नागपूर
१२ मार्च १९८१

ती. बाबा,
सप्रेम जयभीम.

माझा खोकला गेला, काळजी नको.

नववीच्या मुली कादंबरीला कंटाळल्या, म्हणून मी वर्गात टेप लावली. मागच्या उन्हाळ्यात, आई होती तेव्हा, काटोलला तुम्ही हीच कादंबरी वाचून भरून दिलेली तीच. मुली चिडीचूप ऐकतात. मध्येच चुलीपासून आईची हाक येते, "अजी, पुरे करा आता, चहा थंडा होऊन राह्यला!" तेवढं पुसणार होते, पण मन झालं नाही.

परवाच्या पेपरात एकीनं लिहिलं, "नायकाची बायको मायाळू आहे. ती त्याला चहाला हाक मारते." मी पूर्ण मार्क दिले.

संध्याकाळी तुमच्याजवळ कोण बसतं? बाबा, चहा थंडा होऊ देऊ नका.

तुमची लेक,
प्रेमिला