फॉर्मवर्क म्हणजे सेंट्रिंग!

३ मार्च, सोमवार

मेलो! फॉर्मवर्क म्हणजे ऑनलाइन फॉर्म नव्हेत. फॉर्मवर्क म्हणजे सेंट्रिंग! काँक्रीट ओतायच्या आधी ठोकतात त्या फळ्या, ते टेकू!

आणि मी मुलाखतीत छातीठोकपणे सांगून बसलो — फॉर्म्सचा आठ वर्षांचा अनुभव. कोहसाहेब केवढे खूश झाले होते! आज हार्बरफ्रंटच्या ऑफिसात पहिलाच दिवस. त्यांनी विचारलं, "आवडतं कुठलं? टेबल फॉर्म की क्लाइंबिंग?" मी म्हणालो, "ड्रॉपडाउन." ते हसले. विनोद वाटला त्यांना.

चौदाला बिल्डरपुढे कंपनीच्या सेंट्रिंगच्या सॉफ्टवेअरचा डेमो. फसला तर प्रोबेशनमध्येच नारळ. नोकरी गेली की परदेशात राहायचा पास गेला, आणि मरीन परेडचा फ्लॅट सोडून चला पुण्याला.

४ मार्च

अश्लेषाला सांगितलं. हसून हसून सोफ्यावर आडवी झाली बायको. मग म्हणाली, "बाबांना विचार की!"

तिचे बाबा तीस वर्षं हडपसरला सेंट्रिंगची कामं घेतात. लग्नपत्रिकेत मीच ते 'बांधकाम व्यावसायिक' करायला लावलं होतं. आता कुठल्या तोंडानं फोन करू?

५ मार्च

नाही केला.

८ मार्च, शनिवार

केला! अडला हरी — नको, सासऱ्यांच्या बाबतीत ही म्हण पुरी लिहायला नको.

एक टोमणा मारला नाही त्यांनी. व्हिडिओवर, स्वयंपाकघराच्या ओट्यावरच वर्ग भरवला. काडेपेट्यांचे टेकू, वर पोळपाटाचा स्लॅब. "हे फळी-प्लायचं, आपलं नेहमीचं. मजले एकसारखे असले तर अ‍ॅल्युमिनियमचं, तेच पुन्हा पुन्हा वापरा. टेबल फॉर्म म्हणजे अख्खं टेबलच, क्रेननं उचलून वरच्या मजल्यावर. लिफ्टच्या भिंतींना चढती सेंट्रिंग. भिंत वाढेल तशी वर सरकवायची."

मग म्हणाले, "लावता कुणालाही येते, रुचिरराव. खोलताना माणूस कळतो. स्लॅबचे टेकू मधून कडेला काढायचे. पुढे आलेल्या गॅलरीचे मात्र टोकाकडून भिंतीकडे. उलट केलंत तर गॅलरी खाली!" एवढ्यात सासूबाईंचा हात आला आणि स्लॅब पोळ्या लाटायला गेला.

मला लाज वाटली. खरंच वाटली. पत्रिकेतला तो शब्द बदलायला नको होता मी.

१४ मार्च, शुक्रवार

डेमो. पडद्यावर टेकू काढायचा क्रम आला — गॅलरीचे भिंतीकडून! मी ओरडलोच, "थांबा! पडेल ती!" कोहसाहेबांनी चष्मा लावून पाहिलं. "करेक्ट लाह! हू टीच यू?"

थाप अगदी ओठांवर आली होती. गिळली. म्हणालो, "सासऱ्यांनी. आणि साहेब, दहा-बारा दिवसांपूर्वीपर्यंत मला फॉर्मवर्क म्हणजे काय हेच माहीत नव्हतं."

त्यांनी फक्त फोन नंबर मागितला. बाबांचा!

१८ मार्च

कोहसाहेब आणि बाबा तासभर व्हिडिओवर. अश्लेषा दुभाषी. मला खोलीबाहेर काढलं. आतून नुसतं हसणं ऐकू येत होतं. माझ्यावरच असणार.

२४ मार्च, सोमवार

बाबांना कंपनीनं सल्लागार नेमलं, पुण्यातूनच. मला पक्कं करायचं की नाही, तो अभिप्रायही त्यांनीच द्यायचा! संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"रुचिरराव, तुमच्याबद्दल चार ओळी मागितल्यात. खरं लिहू, की चांगलं?"