पालकाने मारायचे दहा छर्रे

ती. सौ. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरचाच गोड मानून घे. प्रत्यक्ष घालायचा म्हटलं तर माझा उजवा हात सध्या खांद्याच्या वर जात नाही. कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला बसला का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे तुझी लेक ठणठणीत आहे आणि मी आहे. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस आणि चौथ्याला हसतेस. शिवाय आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि छकुलीचे कान तिखट. (हे नाव तिला आता चारचौघांत चालत नाही. सतरा वर्षांची झाली, माझ्यापेक्षा उंच झाली, पण पत्रात मी तिला दुसरं काही म्हणणार नाही.) पत्र मात्र तुला मुकाट्याने शेवटपर्यंत वाचावं लागेल.

मी भित्रा आहे हे तुला नव्याने सांगायला नको. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की मी अजूनही गॅलरीत जाऊन उभा राहतो. जिथे फुगे लावलेत अशा वाढदिवसाला मी भेटवस्तू दारातच देऊन परत फिरतो. ग्रंथपालाची नोकरी पुस्तकांच्या प्रेमापोटी धरली असं मी लोकांना सांगतो, पण खरं म्हणजे मला भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी आवडली होती. अशा माणसाकडे तू पोटची पोर शिकायला ठेवलीस, आणि पोरीला नाद लागला तो नेमबाजीचा. आजवर मी ते निभावून नेलं, कारण पिस्तूल क्लबचं होतं आणि क्लबच्याच कपाटात राहायचं. मी तिला फाटकापाशी सोडायचो आणि फाटकापाशीच घ्यायचो. आत काय चालतं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, आणि आमचं उत्तम चाललं होतं.

पण क्लबच्या त्या पिस्तुलाची हवा गळायला लागली. (हे पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालतं. नळीखाली एक छोटा सिलिंडर असतो. सिलिंडर हा शब्द ऐकून माझं काय झालं असेल ते तू समजू शकतेस.) पहिले काही छर्रे नीट जातात आणि मग एकेक करून खाली घसरायला लागतात. असल्या पिस्तुलाने रविवारची निवड चाचणी देणं म्हणजे गळक्या बादलीने पाणी भरणं. तेवढ्यात एका विक्रेत्याने एक नवीन पिस्तूल आणलं. छकुलीने ते मारून पाहिलं आणि त्या दिवशी ती घरी येऊन न सांगता ओटा पुसायला लागली, यावरून मी काय ते ओळखलं. विक्रेता म्हणाला, संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगा, दुसऱ्या क्लबचे लोक टपून बसलेत. तुम्ही दोघांनी फोनवर होकार देऊन टाकलात. (लांब बसून होकार द्यायला काय जातं.) मला वाटलं, सुटलो.

कुठलं काय. त्या क्लबच्या प्रशिक्षक बाईंना सगळे पाठीमागे कमांडर म्हणतात. मी पाठीमागेसुद्धा बाईच म्हणतो, उगाच कशाला. तर या बाईंचा एक नियम आहे. पोर सज्ञान नसेल तर ते पिस्तूल ज्या घरात राहणार त्या घरातल्या मोठ्या माणसाने आधी स्वतः दहा छर्रे मारायचे. जी वस्तू हातात धरवत नाही ती कपाटात ठेवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. तसं पाहिलं तर शहाणपणाचं आहे. फक्त आमच्या घरातलं मोठं माणूस म्हणजे मी.

छर्रे मीच आणायचे होते. दुकानात दोन तऱ्हा होत्या, एक चपट्या तोंडाचे आणि एक गोल तोंडाचे. दुकानदार म्हणाला, टार्गेटसाठी लोक चपटेच नेतात, कागदाला स्वच्छ भोक पडतं, गोल छर्रे कागद फाडतात. पण ताई, चपटे छर्रे दिसायला फारच निश्चयी होते. गोल त्यातल्या त्यात मवाळ वाटले. मी गोल घेतले आणि डबी खिशात टाकून, वाटेत कुठे आपटणार नाही अशा बेताने, सावकाश क्लबवर गेलो.

आत एक लांबच लांब शेड आहे. अलीकडे ओळीने टेबलं, पलीकडच्या भिंतीशी तारेवर लटकलेले टार्गेटचे कागद, आणि मध्ये मोकळी फरशी, तिच्यावर कुणी पाऊल ठेवायचं नाही. शांतता अगदी ग्रंथालयासारखी, पण आमच्याकडच्या शांततेत कुणी दबा धरून बसलेलं नसतं. विक्रेत्याने पेटी उघडली. बाईंनी आधी चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवून पिस्तूल उभं उचललं. तेवढ्या वजनाने चाप सुटता कामा नये, अशी ती परीक्षा असते. चाप सुटला नाही, मी मात्र विक्रेत्याच्या मागे गेलो होतो. पिस्तूल रिकामं आहे हे सगळ्यांना लांबून दिसावं म्हणून नळीतून एक भडक नारिंगी दोरी घातलेली असते. छर्रे मारतानाही ती आत राहू दिली तर चालेल का, असं मी विचारलं. बाईंनी दोरी ओढून काढली.

आणि शेजारच्या टेबलाशी कोण उभं असावं? माझ्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी माझी डावीकडची दाढ अर्धी कोरून, वर तात्पुरतं सिमेंट भरून ठेवली आहे आणि उरलेली मंगळवारी कोरायची आहे. या बाई छंद म्हणून नेम मारतात हे मला ठाऊक नव्हतं. (ठाऊक असतं तर दाढ दुखण्यावर मी मिठाच्या पाण्याने भागवलं असतं.) मला पाहून त्या ओळखीचं हसल्या आणि माझी जीभ आपोआप दाढेपाशी गेली.

डबीचं झाकण मला उघडेना, ते छकुलीने उघडून दिलं आणि ती मागे जाऊन, भोकं लांबून पाहायला तिथे दुर्बीण लावलेली असते तिच्यापाशी उभी राहिली. मी बाईंनी सांगितलं तसा आडवा उभा राहिलो, डावा हात खिशात, उजवा समोर. समोर पाहतो तर कागद हलत होता. शेजारचाही हलत होता, पण जरा कमी. हलतोय तो दुसऱ्याचा आणि स्थिर आहे तो आपला, असं मी का धरून चाललो ते आता मला सांगता येणार नाही. त्या क्षणी ते अगदी बरोबर वाटलं. मग चाप. तो दाबायची मला इतकी धास्ती होती की मी बोट एका केसाने मागे न्यायचो आणि थांबायचो, पुन्हा एक केस, पुन्हा थांबायचो, आणि कधीतरी ‘फट्’ व्हायचं आणि मी दचकायचो. आवाज म्हणशील तर कुकरच्या पासंगालाही पुरणार नाही. दहाही वेळा मी दचकलो, आणि ताणून ताणून उजवा हात जो आखडला तो अजून आखडलेलाच आहे. पण तुला म्हणून सांगतो, सहाव्या-सातव्याला थोडं बरं वाटायला लागलं होतं.

बाईंनी बटण दाबलं, माझा कागद तारेवरून घरंगळत आला आणि तो कोरा करकरीत होता. ताई, माझा जीव भांड्यात पडला. एकही छर्रा लागला नाही, म्हणजे पिस्तूल वाकडं, म्हणजे परत, म्हणजे माझं कपाट सुरक्षित. तोंडावर शक्य तेवढं दुःख आणून मी तसं सांगायच्या बेतात होतो, तोच डॉक्टरीणबाईंचा कागद आला. त्याच्यावर भोकंच भोकं, दुप्पट. प्रशिक्षक बाईंना क्षणात उमगलं, मी दहाच्या दहा छर्रे शेजारच्या कागदावर उतरवले होते. अर्धी भोकं मधल्या काळ्या वर्तुळात दाटीवाटीने बसलेली, आणि अर्धी पांढऱ्यात चौफेर, दगडफेक झाल्यासारखी. कुठली कुणाची हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. डॉक्टरीणबाई तर आनंदाने लाल झाल्या. इतकी वर्षं मारतेय पण असा कागद कधी आला नव्हता, असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या, आणि प्रत्येकजण येऊन कागद पाहून मान डोलवत होता. मग त्याच लोकांनी माझ्याकडेही पाहिलं.

प्रशिक्षक बाई रागावल्या नाहीत. त्या मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “तुमचा दोष नाही. पण इतकी धास्ती असलेल्या माणसाच्या घरात मी हे ठेवू देणार नाही.” बघ ताई, नाही मी म्हटलंच नाही. माझ्यातर्फे दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, तेही माझी समजूत काढून. विक्रेता पेटीत फोमचा तुकडा नीट बसवायला लागला. आणि छकुली म्हणाली, “चालेल, बाई. जुन्यानेच खेळते.”

ते ‘चालेल’ मी ओळखतो. लहानपणी बाबा सहलीला नाही म्हणाले की तूही असंच ‘चालेल’ म्हणायचीस आणि दिवसभर घासलेली भांडी पुन्हा घासायचीस. मी खाली पाहिलं, कारण तिच्याकडे पाहवेना, आणि खाली टेबलावर तो कागद होता. पांढऱ्यातली भोकं पंचिंग मशीनने पाडल्यासारखी स्वच्छ गोल होती. काळ्यातल्या भोकांच्या कडा मात्र कुरतडल्यासारख्या, फाटलेल्या. आणि गोल तोंडाच्या छर्र्यांची डबी माझ्या खिशात होती.

ही गोष्ट सबंध शेडमध्ये फक्त मला कळली होती. गप्प बसलो असतो तर पिस्तूल गेलं असतं, डॉक्टरीणबाई खूश राहिल्या असत्या, आणि माझी दाढ खुशीतल्या माणसाच्या हाती पडली असती. एकेक करून सगळी कारणं गप्प बसण्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पलीकडे फक्त छकुली होती. कानात शिट्टी वाजत होती. मी डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “बाई, मधली माझी आहेत.” आवाज इतका बारीक आला की मला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

बाईंनी कागद उजेडाकडे धरला, डबी पाहिली, पुन्हा कागद पाहिला. गोल छर्रे आणल्याबद्दल मला आधी चांगलं झापलं. मग म्हणाल्या, चाप कधी सुटला ते मारणाऱ्यालाही कळू नये, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवते आणि एकालाही जमत नाही. शेजारच्या कागदावर तर भले भले मारतात, असंही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, हो की नाही? ताई, भीती जराही कमी झाली नव्हती. तरी मी हो म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा कागद घेतला, त्याची नीट चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. जाताना मला एवढंच म्हणाल्या, “मंगळवारी या.”

पिस्तूल आता माझ्या कपाटात आहे, कुलूपबंद. त्यातले माझे सगळे कपडे मी काढून खुर्चीवर रचले आहेत, म्हणजे ते कपाट उघडायचं कारणच उरत नाही. भाऊजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. रविवारी चाचणीला तुम्ही दोघं या. आत तुम्ही बसा, मी फाटकापाशी थांबतो.

ता. क. २ रविवारी नाही जमलं तरी एकवेळ चालेल, पण मंगळवारी ये. एवढं सगळं लिहिलं ते त्यासाठीच. तू फक्त खुर्चीच्या शेजारी उभी राहा आणि हात धर, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायचीस तसा. भाऊजींना कारण सांगू नकोस. छकुलीला तर मुळीच नको.

ता. क. ३ (हे मामाने लिहिलेलं नाही.) आई, पाकीट चिकटवायला मामाने माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. पहिलाच छर्रा शेजारच्या कागदावर गेला तेव्हा मी तो दुर्बिणीतून पाहिला होता. थांबवणार होते, पण त्याचा हात थरथरायचा थांबला होता, आणि नंतर नंतर तर तो हसत होता. डबी मीच उघडली होती, म्हणजे कुठली भोकं कुणाची ते मलाही माहीत होतं. पण मामाला ते घरात नको होतं, म्हणून मी ‘चालेल’ म्हणाले. हे त्याला सांगू नकोस. मंगळवारी तू येऊ नकोस, हात मी धरीन. तू रविवारी ये.