निरगाठीत बसून केलेली निरवानिरव

मी, खाली सही करणार (हात सुटल्यास), वय एकाहत्तर, धंदा दोर, सुतळी व काथ्या यांची विक्री, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती मेहुण्याला नकोशी वाटेल इतकी चांगली आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली करीत नाही. छातीवर जे दडपण आहे ते सुती दोराचे असून मीच सांगून बांधून घेतले आहे. मजकूर मी सांगत आहे व सूनबाई लिहीत आहे.

कारण असे. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याचे मत की गाठ मारावी तर सुरगाठ. टोक ओढले की मोकळी. माझे मत की जी अशी कोणाच्याही हाताने सुटते तिला गाठ म्हणू नये. निरगाठ धरून ठेवते, आणि जाणत्या बोटांना सुटतेसुद्धा. त्याच्या सुरगाठीने एकदा गिऱ्हाइकाची गादी हातगाडीवरून भर चौकात उतरली व तिच्यावर कुत्री झोपली. त्यावर तो म्हणतो की माझी निरगाठ दातांनी सोडताना शेजारच्या शिंप्याचे पुढचे दोन दात गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आज सकाळी शब्दाने शब्द वाढला. मी पैज मारली की मला खुर्चीला निरगाठीने बांधा, हात मागे, आणि कारखान्याचा दुपारचा भोंगा व्हायच्या आत मी माझा मोकळा होईन. दुसऱ्याचा हात किंवा कात्री लागली तर दुकान मेहुण्याचे. बायकोने बांधले. मुलाने गाठ सैल व्हावी म्हणून तांब्याभर पाणी ओतले. दोरवाल्याच्या पोटी जन्मून भिजलेला सुती दोर आवळतो हे त्याला ठाऊक नसावे, याला काय म्हणावे! आता भोंग्याची वेळ होत आली आहे, श्वास पुरत नाही, आणि मेहुणा समोर बसून माझ्याच कपातून चहा पीत आहे. मेलो तर पैज रद्द, हे त्याने कबूल केले आहे. हार मानण्यापेक्षा मला ते बरे वाटते.

कलम १. माझी कवळी शिंप्याला द्यावी. मापाला बसली नाही तर तो शिंपी आहे, त्याचे तो बघून घेईल.

कलम २. ती गादी आम्हालाच विकत घ्यावी लागली होती, माळ्यावर आहे. ती मेहुण्याला द्यावी. कुत्र्यांसकट देता आल्यास उत्तम.

कलम ३. घर मुलाला.

येथे माझ्या मागून "हं" असा आवाज आला. मागे बायको उभी आहे. "कोणी हात लावाल तर दुकान जाईल," असे म्हणून ती सकाळपासून कोणाला तिकडे फिरकू देत नाही.

कलम ३, सुधारून. घर बायकोला.

कलम ४. दुकान मुलाला.

पुन्हा "हं". सूनबाईने विचारले, "बाबा, हे 'हं' पण लिहायचं का?" लिही म्हटले.

मेहुणा म्हणाला, "दाजी, हार माना. सुंभ जळेल, पण तुमचा पीळ काही जायचा नाही."

कलम ४, पुन्हा सुधारून. दुकान बायकोला. मी गल्ल्यावर बसून गाठींवर व्याख्याने दिली. गिऱ्हाईक माल बांधून घ्यायचे तिच्याकडून. ती नसती तर मी केव्हाच हात हलवत घरी बसलो असतो. हे तिला मी कधी सांगितले नाही. तोंडावर सांगणे आजही जमले नसते, ती पाठीमागे आहे म्हणून बोलतो आहे. मला तिच्याशिवाय एक दिवस करमत नाही.

एवढे लिहून झाले आणि मागे सर्रकन काहीतरी सरकले. दोर माझ्या मांडीवर येऊन पडला.

मेहुणा ताडकन उठला. "ताई, हात लावलास! दुकान माझं!"

"कसलं तुझं? पैज निरगाठीची होती ना? मी सुरगाठ मारली होती. शिंप्याचे दात पडल्यापासून या दुकानातून मी एकही निरगाठ बाहेर जाऊ दिलेली नाही. दोन वेढे घ्यायचे, मग सुरगाठ. गादी पण पडत नाही आणि दात पण."

"मग मघाशीच का नाही ओढलंस?" मी विचारले.

"कलमं बरी चालली होती."

एवढ्यात भोंगा झाला. मुलगा म्हणतो, "बाबा, हात मोकळे झाले ना, फाडून टाका ते." फाडणार नाही. हाताला मुंग्या आल्यामुळे सही वाकडी दिसेल, पण ती माझीच आहे. सही करण्यापूर्वी कलम चार मी बायकोच्या समोर उभे राहून मोठ्याने वाचले आहे.

ठिकाण: दुकान, वजनकाट्याशेजारी.
तारीख: आजचीच, भोंग्यानंतर.

(सही) दोरवाला

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी. वाचून दाखवले ते ऐकले.
२. मेहुणा. मीही ऐकले. दाजींना मधे दोनदा थांबावे लागले. ताईने पदर डोळ्यांना लावला, पण ते लिहू नको म्हणाली.