बारापैकी बारा

सोमवार, ४ तारीख
वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कॉलेजात पाऊल टाकलं. फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला. त्याला वाटलं, तपासणीला कुणी साहेब आलेत. मीही त्याचा विरस केला नाही. आजवर पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, स्वतःचं दुकान उभं केलं, ते सगळं कानाच्या जोरावर. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावली की आतलं दुखणं कळतं. कागद मात्र कधी वश झाला नाही. अक्षरं जागा बदलतात, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आमची ही म्हणते, शाळेत तुम्हाला मठ्ठ म्हणणाऱ्या मास्तरांना दाखवून द्या. मास्तर कधीच वारले, हिचा राग अजून धडधाकट आहे.

गुरुवार, ७
माझ्यासारखे आणखी चार प्रौढ आहेत. परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर स्मरणाची चाचणी द्यावी लागते. ती तळमजल्यावर एक बाई घेतात. आवाज मऊ, बोलणं बेताचं. त्यांची पद्धत अशी की आपल्याच आयुष्यातले बारा शब्द आपण लिहून द्यायचे. त्यातले चार-चार त्या वाचणार, आपण डोळे मिटून परत म्हणायचे. म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ. झोपेतही विसरणार नाही तेवढंच लिहिलं. आधी धंद्यातले चार, मग येण्याजाण्याच्या वाटेवरचे चार, शेवटी घरचे चार: आईचा आवाज, थोरला भाऊ, धाकटी लेक, आमची ही. घरी सांगितलं तर ही म्हणाली, वा, म्हणजे माझा नंबर बारावा.

सोमवार, ११
चारपैकी चार. बाईंनी कागदावर शांतपणे चार रेघा मारल्या. संध्याकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि मथळा एका दमात वाचला! अक्षरं जागच्या जागी. धाकटी म्हणाली, बाबा, आता दुकानाची पाटीही एकदा वाचा, लोक वीस वर्षं हसतायत.

बुधवार, १३
दुकानात मोटारीला कान लावला. नुसती घरघर. कारागीर म्हणाला, शेठ, बेअरिंग गेलंय ना? मी विचारलं, ते काय असतं. तो हसला. मग हसायचा थांबला. त्याने एक गुळगुळीत लोखंडी कडं माझ्या हातात ठेवलं. कशाचं आहे, सांगता आलं नाही. यादीतला पहिला शब्द मात्र तोच होता: बेअरिंग.

सोमवार, १८
बारापैकी आठ. धडा घडाघडा वाचला, सरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या नर्सबाईंचे बारा मागेच पूर्ण झालेत. पुस्तक तोंडपाठ असतं त्यांना. आज फाटकाशी त्यांचा मुलगा उभा होता. त्या त्याच्याकडे बघून परक्याला हसावं तसं हसल्या आणि पुढे निघून गेल्या.

मंगळवार, १९
दुकानातून घरी यायचा रस्ता सापडला नाही. दोन तास फिरलो. धाकटीने हात धरून आणलं. वही काढून ताडून पाहिलं. गेलं ते सगळं यादीतलं. यादीत नाही ते शाबूत आहे. शहाणपणा करून मीच निवडून दिलं. आता घरचे चार उरलेत. नको जादा वेळ, नको वाचणं. उद्या कागद परत घेणार.

बुधवार, २०
गेलो. यादी मागितली. बाई म्हणाल्या, देते की, एकदा ऐकून तर घ्या. कान घट्ट दाबले. पण हे माझे कान — जन्मभर बारीकसारीक ऐकायला लावलेले — बाईंनी अगदी हळू वाचलं, तरी ऐकू आलं. ओठ माझेच हलले. चौथ्याला जीभ चावली, तरी —

गुरुवार
घरात एक मुलगी आहे. मला बाबा म्हणते. फार रडते. कुणाची असेल —

घरातल्याच एका बाईंनी ही वही पुढे ठेवली, वाचा म्हणाल्या. पहिल्या पानापासून वाचली, एक अक्षर हललं नाही. लिहिणारा माणूस गमतीदार दिसतो. म्हटलं, हा सारखा ‘आमची ही’ म्हणतो, ती कोण हो? त्यांनी माझा हात आपल्या गालावर धरला. गाल ओला आहे. म्हणतात, नीट बघा, मी तुमची —