वीस जणांचं रक्त

सोमवार, ३ तारीख
आज रुजू झाले. नवी वही, नवा कोट, नवी खोली, सगळं कसं कोरं करकरीत! लॅब तळमजल्यावर आहे. रक्त किती सेकंदांत गोठतं ते मोजणारी दोन यंत्रं शेजारी शेजारी बसतात. जुनीला सगळे थोरली म्हणतात, नवीला धाकटी. महिनाभर दोघींना तेच नमुने द्यायचे आणि धाकटीवर विश्वास टाकता येईल का ते ठरवायचं, हे माझं काम. म्हणजे मी सासूबाईच! लॅबच्या प्रमुख, मोठ्या बाई, एवढं सांगून जवळजवळ धावतच गेल्या. दुपारपर्यंत चारशे नळ्या येतात. कुणाला मान वर करायला फुरसत नाही. संध्याकाळी ताईला फोन केला, तिने उचलला नाही.

गुरुवार, ६
धाकटीला आधी 'नॉर्मल' म्हणजे काय ते शिकवावं लागतं. त्यासाठी वीस निरोगी माणसांचं रक्त हवं. नोंदणीच्या कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला, इथं लागल्यापासून माझं रक्त आटलंय, तुम्हाला काय देऊ! सगळे हसले. मीही हसले, आणि मग पुढे कुणाला विचारायचा धीरच होईना. चार दिवसांत मला नावाने हाक मारणारं कुणी भेटलं नाही. कुणाला म्हणू, बाही वर करा?
शेवटी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधला. वीस छोट्या नळ्या भरल्या, एक ते वीस आकडे घातले, वयं मनानेच लिहिली. मी निरोगीच तर आहे. सुई काढल्यावर कापूस मात्र बराच वेळ दाबून बसावं लागलं.

शुक्रवार, ७
वीसही नळ्यांना सोळा सेकंद. कागदावर आकडे थोडे इकडेतिकडे केले आणि धाकटीचं नॉर्मल सोळा ठरवलं. थोरलीचं नॉर्मल बारा आहे, पण यंत्रागणिक थोडा फरक पडतोच. तिच्याशी ताडून बघावं, तर तिने सकाळीच मान टाकली. मोठ्या बाईंनी न वाचताच सही केली. छान काम, आता सगळं धाकटीवरच चालवा, म्हणाल्या. 'छान' ऐकून मी दिवसभर तरंगत होते.

मंगळवार, ११
दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. मांडीवर निळे डाग आहेत. कुठे आपटले आठवत नाही.
वॉर्डच्या सिस्टर खाली आल्या होत्या. रक्त पातळ करायच्या गोळीवर एक बाबा आहेत, माळीकाम करायचे. आमच्या रिपोर्टात रक्त पुरेसं पातळ दिसेना, म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. आता त्यांना लघवीतून रक्त जातंय. यंत्र बरोबर आहे ना, असं सिस्टरांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

गुरुवार, १३
ऑपरेशनआधीच्या तपासणीला आलेल्या धडधाकट माणसांचे आकडे काढून पाहिले. बारा. बारा. साडेबारा.
मग माझा ताजा नमुना लावला. तीस.

शुक्रवार, १४
धाकटी पहिल्यापासून खरं तेच बोलत होती. सोळा म्हणजे नॉर्मल नव्हतं. सोळा म्हणजे मी— आजारी. बाबांचं रक्त बाराऐवजी माझ्या सोळाशी ताडलं गेलं, म्हणून ते पुरेसं पातळ दिसलं नाही.
वीस जणांना विचारलं असतं, तर त्यांच्यात मी एकटी वेगळी दिसले असते. तेव्हा वेळ होता.
आकडा बदलायला मोठ्या बाईंची सही लागते. त्यांच्या दारात उभी राहिले. सोमवारी बोलू, म्हणाल्या. बरं म्हणून परत फिरले. लाज वाटली—

रविवार, १६
नाकातून. सकाळपासून थांबत नाही. दोन टॉवेल झाले.
लॅबला फोन लावला. ड्यूटीवरच्याने कोण म्हणून विचारलं. नवीन बाई, म्हटलं. कोण नवीन बाई, म्हणाला— ठेवला.
अँब्युलन्सवाल्यांनी पत्ता विचारला. गल्ली सांगितली— घर नंबर अजून पाठ नाही. शेजारचं दार वाजवलं. आत कुणी नाही.
ताई उचलत नाही.
ही वही ज्याला मिळेल त्याने आधी हे करा. नॉर्मल बारा. सोळा नाही— बारा. बाबांची गोळी आजच बंद करा. त्यांचा वॉर्ड दुसरा मजला— पलंग—
पान भिजलंय. पेन घसरतंय—
पलंग नंबर चौ