कारभार बदलला की

दादा, परवा त्या बेटांच्या देशातून पुन्हा बोलावणं आलंय. तिथल्या इस्पितळात तुमची ही लेक नर्स होती, हे तुम्हाला ठाऊकच नाही. तुम्ही वारलात, त्यानंतर मी तिकडं गेले. देश इवलासा, दोन बलाढ्य देशांच्या मधे अडकलेला. निवडणुकीत सरकार बदललं की त्याचं तोंड एकीकडून दुसरीकडे वळतं. मी असताना आलेल्या सरकारनं आपल्याशी वाकडं घेतलं, दुसऱ्याशी जुळवलं आणि आम्हा भारतीय नर्सना घरी धाडलं. आमच्या वॉर्डची मोठी सिस्टर तिथलीच. मला धाकटी बहीण मानायची, तापात उशाशी बसायची. मला परत जायला सांगायचं काम तिच्याच वाट्याला आलं. "ऊपर से ऑर्डर है," एवढं म्हणून तिनं मान खाली घातली. बोट सुटेपर्यंत मी धक्क्याकडे बघत होते. ती आली नाही.

तशी खाली घातलेली मान मी आधी पाहिली होती, दादा. तुमची. भातलावणीला आपली खालच्या खाचरातल्या काकांशी सावड होती. आज ते आपल्याकडं राबायचे, उद्या आपण त्यांच्याकडं. आजोबा गेले, कारभार थोरल्या चुलत्यांकडं आला, आणि त्यांनी सावड वरच्या बड्या शेतकऱ्याशी जोडली. आपल्या खाचराचं पाणी त्याच्या शेतातून येत होतं ना! त्याचं आणि काकांचं वाकडं, म्हणून तुमचं काकांशी बोलणंच बंद झालं. मी विचारलं, "दादा, काका वाईट हायेत का?"

"न्हाई गं पोरी. कारभार बदललाय. मानसं तीच हायेत."

पुढं कारभार तुमच्याकडं आला, पण त्याआधीच काका वारले होते. त्या लावणीला तुम्ही बोलावणं नसताना त्यांच्या खाचरात उतरलात. काकू बांधावरून "भावजी, जेवा की," म्हणत राहिल्या. तुम्ही दिवसभर पाठ सरळ केली नाहीत.

आता तिथं सरकार पुन्हा बदललंय. टीव्हीवर तिथले आणि आपले पुढारी गळाभेट घेतायत. लहान देशाला असं वळावं लागतं, कळतं मला. तरी ते हसरे चेहरे बघून संताप येतो. बोलावणं आलं तसा मी वॉर्डात फोन लावला. मोठी सिस्टर गेल्या वर्षीच वारली, असं तिथले म्हणाले. आजारपणात माझी चौकशी करायची म्हणे. मी स्वयंपाकघरात बसून रडले, दादा, कुणाला सांगितलं नाही.

बॅग भरलीय. हे पत्र कुठं टाकणार, तांदळाच्या डब्याखाली ठेवते. ती नाही, हे माहीत असून जातेय. आणि खरं सांगू? धक्क्यावर ती उभी असेल, असं अजून वाटतं.